काजवालीचे फोन

४ जून

दुपारी फोन वाजला. उचलला, तर पलीकडे कोणी बोलेना. श्वास ऐकू येत होता. मागे कुठेतरी भांडी घासल्याचा आवाज. मी नेहमीचं वाक्य म्हटलं — नाव सांगायची गरज नाही, तुम्ही सांगाल ते इथेच राहील. तरी गप्प. मग एक बाई हळूच म्हणाली, "हा नंबर खरा आहे का?"

खरा आहे म्हटलं.

"म्हणजे उचलतं कोणीतरी."

आणि फोन ठेवला.

नोंदीत काय लिहायचं? 'आवाज स्त्रीचा, तक्रार नाही.' लिहिलं. चहा घेतला. तो गार झाला होता, तसाच प्यायले.

५ जून

नणंदेचा फोन. तिला आईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, स्वतःकडे न्यायचंय. तो गेल्यापासून वर्षभर हेच चाललंय. मुलगाच राहिला नाही, तर सुनेकडे कशाला राहायचं, असं तिला वाटत असणार. बोलत नाही तसं. आई दर वेळी 'बघू' म्हणतात आणि आतल्या खोलीत जातात. मग ती माझ्याशी बोलते.

"वहिनी, तू नेमकं करतेस काय गं तिथे? नुसते फोन उचलतेस?"

सांगितलं. कंपनीची कपड्यांची दुकानं आहेत, पण कंपनी स्वतः एक टाकाही घालत नाही. शिवतात दुसरेच, कुठल्या कुठल्या कारखान्यांत. तिथे माणसं कशी ठेवलीत, कोणाला कोंडलंय का, कोणाचे ओळखपत्राचे कागद काढून घेतलेत का, हे आम्हाला कळायला हवं. म्हणून प्रत्येक कारखान्यात जेवणाच्या खोलीत आमचा नंबर लावलाय. तो फिरवला की मी उचलते.

"बाई गं. ऐकवतं तरी कसं तुला?"

ऐकवतं. काही होत नाही. हेच तर आहे — काही होत नाही.

तिला म्हटलं, सवय होते.

९ जून

तीच. आवाजावरून ओळखलं. मागे तीच भांडी.

आज बोलली. घाबरून नाही, दमलेलं माणूस बोलतं तशी. काजांच्या मशीनवर असते. बटणासाठी चीर द्यायची, कडा शिवायच्या, पुढचं घ्यायचं. "दिवसभर भोकंच पाडते ताई," म्हणाली. लहान मुलांची जाकिटं. खिशावर अस्वल.

अस्वल म्हटल्याबरोबर कारखाना कळला. नमुन्यांच्या खोलीत ते जाकीट दारामागेच टांगलंय. या थंडीचा आमचा सगळ्यात मोठा माल.

फोन तिचा नाही. सगळ्यांचे फोन फाटकावर जमा असतात. हा स्वयंपाकीणबाईंचा. त्या बाहेरून येतात, त्यांचा फोन कोणी काढून घेत नाही. त्या भांडी घासतात आणि दाराकडे लक्ष ठेवतात, तेवढ्यात ही बोलते.

मला ठरलेले प्रश्न विचारावे लागतात. विचारले.

कोणी मारतं का? "नाही." उपाशी ठेवतात? "नाही हो. जेवण बरं असतं. भाजीत तेल जरा जास्त, एवढंच." मग तक्रार काय आहे?

भांड्यांचा आवाज येत राहिला. मग म्हणाली, "जाऊ देत नाहीत."

वडील अंथरुणाला खिळलेत. बहिणीने निरोप पाठवला, येऊन जा. हिने सुट्टी मागितली. मॅनेजर म्हणाला, हा माल जाऊ दे, मग बघू. मग माझे कागद द्या, मी कामच सोडते, असं ही म्हणाली. तर म्हणे कागद ऑफिसच्या कपाटात नीट आहेत, तुझ्याकडे राहिले तर हरवशील. करार संपला की मिळतील. ती लांबून आलेली, दुसऱ्या मुलखातली. कागदांशिवाय गाडीत कोणी चढू देणार नाही. आणि गाडीपर्यंत तरी कशी जाणार? फाटकावर माणसं बसलेलीच असतात.

"तुमच्याच दुकानाचा माल आहे ना हा?" तिने विचारलं. टोमणा नव्हता. खरंच विचारत होती.

हो म्हटलं.

"मग तुम्ही सांगितलंत तर ऐकतील."

नोंदीवर लाल खूण केली. लाल म्हणजे त्याच दिवशी वर कळवायचं. कळवलं. नाव विचारलं नाही, नियम आहे. मी मनात तिला काजवाली म्हणते.

घरी येताना दूध आणायचं विसरले.

१० जून

आईंनी आज पुन्हा त्याचे शर्ट इस्त्री केले. दर आठवड्याला करतात. घालायला कोणी नाही. मी कपाट उघडून धरते, त्या लावतात. आम्ही त्यावर बोलत नाही.

१२ जून

मोठ्या बाईंच्या खोलीत बैठक. मोठ्या बाई आमच्या विभागाच्या प्रमुख. उंचीने माझ्या खांद्याला लागतात, पण नाव पडलं ते पडलं. खरेदीचे प्रमुखही आले होते. त्यांना सगळे थंडीसाहेब म्हणतात. भर उन्हाळ्यात घाम पुसत 'थंडी आली, थंडी आली' करत फिरतात म्हणून.

मोठ्या बाईंनी माझी नोंद वाचून दाखवली. कागद काढून घेतलेत, फाटक बंद, काम सोडता येत नाही. म्हणाल्या, "याला आधुनिक गुलामगिरी म्हणतात."

थंडीसाहेब म्हणाले, "आपण 'जोखीम' म्हणू या का? गुलामगिरी फार जड शब्द होतो."

"कोणाला जड होतो?"

ते हसले. माणूस वाईट नाही. माझा नवरा दवाखान्यात होता तेव्हा ऑफिसमधून सगळ्यांत आधी तेच आले होते, बायकोने दिलेला डबा घेऊन. आज म्हणाले, "एका फोनवरून किती धावायचं? ती खरं बोलतेय कशावरून? आणि एवढी जाकिटं शिवून देणारा दुसरा कोणी आता मिळायचा नाही. दुकानं रिकामी ठेवू?"

ठरलं — तपासनीस पाठवायचे. करारात आहे तसं, कारखान्याला आधी कळवून.

मी तिथेच होते. हातात पाण्याचा ग्लास. काही बोलले नाही. बोलावंसं वाटलंही नाही. पूर्वी मी चांगली भांडकुदळ होते. तो म्हणायचा, तुला कुठल्याही खिडकीवर उभी केली की काम झालंच समजायचं.

१९ जून

तपासनीस जाऊन आले. 'कामगारांचे कागद कामगारांच्या ताब्यात आहेत.' सोबत फोटो. बायका ओळीने उभ्या, प्रत्येकीने आपापले कागद छातीशी धरलेले. काहीजणी हसतायत.

फोटो मोठा करून बघत बसले. यातली कुठली? कळायला मार्ग नाही. मला फक्त आवाज माहीत आहे.

थंडीसाहेब जाता जाता माझ्या टेबलावर टिचकी मारून गेले. "बघा, मिटलं ना?"

२० जून

"ताई, ते येऊन गेले."

माहीत आहे म्हटलं.

"सकाळी कागद वाटले. विचारलं तर काय सांगायचं ते आधीच पढवलं होतं. फोटो काढला. त्यांची गाडी फाटकाबाहेर पडली आणि इकडे लगेच गोळा करायला सुरुवात."

तपासनिसांना काही सांगितलं नाहीत?

"मॅनेजर शेजारीच उभा होता, कसं सांगणार?" थोडं थांबून म्हणाली, "कागदावरचा माझाच फोटो बघितला. किती दिवसांनी. गुबगुबीत होते मी."

वडिलांचं विचारलं.

"आहेत. ओळखत नाहीत कोणाला. बहीण म्हणते, माझंच नाव घेत असतात."

भांड्यांचा आवाज थांबला. फोन बंद.

२१ जून

झोप लागली नाही असंही नाही. चांगली लागली. उठून भाजी चिरली. बोट कापलं, तेही रक्त दिसल्यावर कळलं.

२३ जून

मोठ्या बाईंना सगळं सांगितलं. त्यांनी दार लावून घेतलं.

मी विचारलं, ऑर्डर काढून घेतली तर? त्या म्हणाल्या, "मागे एकदा काढून घेतली होती. पेपरात छान छापून आलं. कारखाना बंद पडला. त्यातल्या बायका कुठे गेल्या, मला आजपर्यंत माहीत नाही. विचारलंच नाही कोणी. आपले हात धुऊन मोकळे झालो."

"मग?"

"मग तिथेच पाय रोवून उभं राहायचं. कागद द्या, फाटक उघडा, मगच माल घेऊ. उशीर झाला तर झाला. पण त्याला थंडीसाहेब तयार व्हायला हवेत." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तिला काय हवंय, हे विचारलंत का कधी?"

नाही विचारलं. ठरलेल्या प्रश्नांत तो प्रश्नच नाही.

२७ जून

"ताई, बाबा गेले."

एवढंच. रिकाम्या खोलीत बोलल्यासारखं.

मला अशा वेळी काय म्हणायचं ते शिकवलंय. ते तोंडातून येईना. म्हटलं, तुम्हाला काय हवंय सांगा. मी काय करू?

"आता घाई नाही ताई. आता निवांत करा तुम्ही."

मी पेन खाली ठेवलं.

"निरोप आला तेव्हा मशीनवर होते. तशीच बसून राहिले. काजं बरोबर पडत होती, एकही चुकलं नाही. मला रडूच येत नाहीये. असं होतं का हो कोणाचं?"

होतं म्हटलं. आणि मग, नियमात बसत नाही तरी — माझं झालंय.

"तुमचं कोण?"

नवरा.

"अगंबाई."

तिच्याकडे भांडी, माझ्याकडे पंखा. शेवटी म्हणाली, "आई एकटी आहे ताई. बहीण सासरी जाईल परत. आईजवळ जायचंय, बाकी काही नको."

संध्याकाळी घरी आईंना सांगितलं. ऑफिसचं मी कधी घरी बोलत नाही. त्या भाजी निवडत होत्या. म्हटलं, एक बाई आहे, तिचे वडील गेले आणि तिला जाऊ दिलं नाही.

त्यांचे हात थांबले. "मग शेवटी जवळ कोण होतं?"

बहीण.

"ते एक बरं." थोड्या वेळाने, "आणि हिच्याजवळ? तिथे कोणी बसलं का हिच्याजवळ?"

मला माहीत नव्हतं.

"विचारायचंस," आई म्हणाल्या. "आपण दोघी त्या बाकावर होतो. निदान दोघी होतो."

वर्षात पहिल्यांदा त्या बाकाचा विषय निघाला. दवाखान्यातला, दाराबाहेरचा, एक पाय हलणारा. मग त्या उठून भाजी धुवायला गेल्या. नळ बराच वेळ चालू होता.

३० जून

पुन्हा बैठक. थंडीसाहेबांनी अहवाल पुढे सरकवला. फोटोवर बोट ठेवलं. "आणखी काय पुरावा हवा?"

मी म्हटलं, "कागद गाडी गेल्यावर गोळा केले. न सांगता जा. संध्याकाळी जा, पाळी सुटल्यावर."

आवाज माझाच होता, पण दुसऱ्या कोणीतरी बोलल्यासारखा. सगळे वळून बघायला लागले. फोन उचलणाऱ्या बाईने बैठकीत बोलायचं नसतं बहुतेक.

थंडीसाहेब जरा नरमाईने म्हणाले, "तुम्ही मनाला फार लावून घेता. तुमच्यावर जे गुजरलंय—"

"साहेब, मला वर्षभर काहीही वाटलेलं नाही. नवऱ्याचं नाही, या बायकांचं नाही. जे ऐकलंय ते सांगतेय फक्त. तिचे वडील आपल्या जाकिटांसाठी एकटे — नाही, एकटे नाही. हिच्याशिवाय गेले."

थंडीसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. म्हणाले, "माल किती मागे ढकलता येईल ते बघतो."

ठरलं: मोठ्या बाई स्वतः जाणार. मला बरोबर नेणार. कोणाला सांगायचं नाही. ऑर्डर काढून घ्यायची नाही, पण कागद बायकांच्या हातात पडल्याशिवाय पुढचं कापडही पाठवायचं नाही. जिला घरी जायचंय तिच्या प्रवासाचं कंपनी बघेल.

बाहेर आल्यावर मोठ्या बाई म्हणाल्या, "आज जेवलात का?" लक्षात नव्हतं.

४ जुलै

जाऊन आलो. लिहून काढते, नाहीतर राहील.

कारखाना शहराबाहेर. लांबट, पत्र्याच्या छपराचा, लांबून शाळाच वाटतो. फाटकावर अडवलं. मोठ्या बाईंनी ओळखपत्र दाखवलं आणि करारातलं कलम घडाघडा म्हणून दाखवलं. फाटकावरचा माणूस इतका गोंधळला की त्याने सलाम ठोकला. मॅनेजर धावत आला. घाईत शर्टाची बटणं एक सोडून लावलेली.

"आधी कळवायचं होतंत मॅडम."

"म्हणूनच नाही कळवलं."

पाळी नुकतीच सुटली होती. बायका वरच्या मजल्यावर राहतात, शिलाईच्या हॉलवर. लोखंडी खाटा, एकीवर एक. खाली प्रत्येकीची पत्र्याची पेटी. दोरीवर कपडे. खिडक्यांना जाळी. एका खाटेच्या दांडीला अस्वलाचा खिसा बांधलेला, वाकडा शिवला गेला म्हणून टाकून दिलेला असणार. त्यात कंगवा. दाराची कडी बाहेरून. मोठ्या बाईंनी ती लावून बघितली, काढून बघितली. सगळीकडे नव्या कापडाचा वास. आमच्या दुकानात शिरलं की येतो तोच. मला तो आवडायचा.

जाताना स्वयंपाकघरात डोकावले. कोणी नव्हतं. भांडी उपडी घातलेली.

मॅनेजरसमोर ओळख दाखवायची नाही, हे बजावलेलं. मी नुसती कान देऊन उभी. बायका आपसात कुजबुजत होत्या, कोणाचा आवाज नीट लागत नव्हता. मग एकीने पाण्याचा ग्लास पुढे केला.

"सावकाश प्या ताई."

तोच. जरा घोगरा, वाक्याचा शेवट खाली सोडणारा. पंचविशीची असेल. गालाला निळा धागा चिकटलेला. माझ्याकडे बघितलं आणि नजर काढून घेतली. शहाणी आहे, वाटलं. मी पाणी प्यायले, ग्लास दिला. तिच्याजवळ दुसरी एक खांद्याला खांदा लावून उभी होती. बरं वाटलं. आईंना सांगता येईल, कोणीतरी आहे हिच्याजवळ.

ऑफिसात कपाट. किल्ली मालकांकडे आहे, मॅनेजर म्हणाला. मोठ्या बाईंनी खुर्ची ओढली, बसल्या, पिशवीतून विणकाम काढलं. "येऊ देत मालक. मला ही बाही पुरी करायचीच आहे." बाही फारशी पुढे गेली नाही. किल्ली मॅनेजरच्याच खिशात सापडली.

कागदांचे गठ्ठे रबर लावून ठेवलेले. मोठ्या बाई नाव वाचत होत्या, मी हातात देत होते. कोणी घेऊन लगेच दंडाखाली दाबलं. कोणी उलटसुलट करून बघितलं, आपलंच आहे ना. एक म्हातारी बाई घेईचना. म्हणाली, उद्या परत द्यायचाच तर कशाला? मोठ्या बाईंनी तिची मूठ उघडून त्यात ठेवला, मूठ मिटली. ग्लासवाली आली तेव्हा तिचा हात लागला. खरबरीत.

फाटक उघडं ठेवायला लावलं. काहीजणी तेवढ्यासाठी खाली उतरून बाहेर रस्त्यावर जाऊन उभ्या राहिल्या. जायचं कुठेच नव्हतं. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या बघत होत्या.

परतताना मोठ्या बाईंनी विचारलं, "ओळखलीत का तिला?"

हो म्हटलं.

"मला सांगू नका," म्हणाल्या. आणि मग बरंच पुढे गेल्यावर, "कशी आहे?"

धडधाकट आहे म्हटलं.

५ जुलै

आईंना सांगितलं. ऐकताना त्या शर्टाची कॉलर दाबत होत्या. इस्त्री तशीच राहिली. करपल्याचा वास आल्यावर दोघींच्या लक्षात आलं. निळा चौकड्यांचा शर्ट.

"जाऊ दे," आई म्हणाल्या.

११ जुलै

कंपनीचं निवेदन निघालं. 'आमच्या पुरवठादारांकडे आढळलेली जोखीम आम्ही तातडीने दूर केली.' जोखीमच. ऑफिसात केक कापला. थंडीसाहेबांनी पहिला तुकडा मला दिला. म्हणाले, "तुमच्यामुळे." क्रीम फार गोड होतं. मी खाल्लं.

त्या कारखान्यातून आता रोज फोन येतात, परत मिळालेल्या स्वतःच्या फोनवरून. बायकांच्या तक्रारीही बदलल्या. पंखा बंद आहे. भाजीत तेल जास्त आहे.

काजवालीचा मात्र नाही.

१४ जुलै

मोठ्या बाईंना विचारलं, काजांच्या मशीनवरची एक घरी गेली का? त्यांनी कारखान्यात फोन लावला. हो, गेली, म्हणाला मॅनेजर. वडील वारले होते ना तिचे, तीच. स्वतः गाडीत बसवून दिली.

बसवूनही दिली. एवढा माणूस सुधारतो?

आई रोज विचारतात. चपला काढायच्या आत. "पोचली का गं ती?" आज सांगितलं, पोचली.

"आईला धीर आला असेल," त्या म्हणाल्या. मग भाकरी करायची की पोळी, ते विचारलं. मला भूक लागली होती. लक्षात आलं, म्हणून लिहितेय.

१७ जुलै

नणंद आली होती, आईंची बॅग भरायच्या तयारीने. आईंनी तिला चहा दिला, जेवायला घातलं आणि सांगितलं, "मी इथेच राहते. हिच्या ऑफिसात काय काय चालतं, ते रोज ऐकायचं असतं मला."

नणंद माझ्याकडे बघायला लागली. मी खांदे उडवले. जाताना तिने मला जवळ घेतलं. घेऊ दिलं.

२२ जुलै

थंडीसाहेब खूश. जाकिटं ठरल्या तारखेलाच येतायत. कापड थांबवलं, कारखाना दोन दिवस बंद ठेवला, निम्म्या बायका सुट्टीवर — तरी वेळेवर. "काय जादू केली त्यांनी, देव जाणे," म्हणाले. "बघा, माणुसकीने वागलं तरी थंडी वेळेवर येते."

मोठ्या बाई हसल्या नाहीत. मला विचारलं, "कशी काय हो वेळेवर?"

मला शिवणकामातलं कळत नाही.

२४ जुलै

ऑफिसच्या जिन्यात बसून लिहितेय. अक्षर वाकडं येतंय, येऊ दे.

आत्ता फोन आला. मागे भांडी नव्हती. वाफ सोडल्याचा आवाज.

"ताई, मी. हा नंबर अजून आहे ना?"

काजवाली. घरी गेलेलीच नाही. आम्ही कारखान्यात पोचलो त्याच्या आधीच तिला तिथून हलवलं. फोन दिला म्हणून स्वयंपाकीणबाईंना काढलं. बाकीच्यांना सांगितलं, ही घरी गेली. मला पाणी दिलं ती कोणी दुसरीच.

एका लाँड्रीच्या वर मोठी खोली आहे. शटर बाहेरून लावतात. आणखी खूप बायका आहेत, त्यांना कोणी मोजतच नाही. लाँड्रीवालीने खिडकीतून फोन दिला. काय शिवताय, विचारलं.

"अस्वलच आहे ताई. आत लेबल तुमचंच."

पत्ता घेतला. लाँड्रीची पाटी, समोरचं दुकान, सगळं. मोठ्या बाईंनी उभ्या-उभ्या ऐकलं, कामगार खात्यातल्या माणसाला फोन लावला, दुसऱ्या हाताने गाडीची किल्ली घेतली. थंडीसाहेब दारात होते. त्यांनी काही विचारलं नाही. मागच्या सीटवर जाऊन बसलेत.

आईंना फोन केला. म्हटलं, ती पोचलेली नाही. मी आणायला चाललेय.

पलीकडे नळ बंद केल्याचा आवाज.

"जा," म्हणाल्या.